न ऐकलेल्या शब्दांचे मास्तर

आमच्या रशियनच्या वर्गात पहिल्या दिवशी कामाचा एकही रशियन शब्द शिकवला गेला नाही. भोयर सर आले, पँटीला लावलेल्या सायकलच्या क्लिपा काढून खिशात टाकल्या, स्वतःच्या हातरुमालानं फळा पुसला आणि मधोमध एक चांदणी काढली. पाच टोकांची, अगदी निगुतीनं. मग वळून म्हणाले, ही चांदणी ज्या शब्दाच्या आधी दिसेल तो शब्द आजवर कोणी ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला सापडलेला नाही. तो आपण मागे जात जात जुळवलेला आहे. जुळवायला हरकत नाही, पण चांदणी विसरायची नाही. ती विसरली की माणूस थापा मारायला लागतो.

गोष्ट एकाहत्तर-बहात्तरची. भिलाईच्या पोलादाच्या कारखान्यात रशियन इंजिनियर होते आणि त्यांचं बोलणं आपल्या लोकांना समजावून द्यायला दुभाषे लागत. रशियन आलं की नोकरी पक्की, अशी हवा नागपुरात होती. त्या हवेवर सीताबर्डीला एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर हा संध्याकाळचा वर्ग चाले. मला नोकरीची घाई नव्हती. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते, रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मुलाकडची माणसं चहाला टपकत, आणि त्या वेळात घराबाहेर राहायला मला एक सभ्य कारण पाहिजे होतं. रशियन त्या मानानं स्वस्तात मिळालं.

सर काटोलकडच्या शेतकरी घरातले. घराण्यात पहिले शिकलेले, आणि शिकले तेही संस्कृत. दिवसा कॉलेजात ते शिकवत, आणि रशियन त्यांनी एका जाडजूड व्याकरणावरून आपलं आपणच शिकून घेतलं होतं. उंच, किडकिडीत, मान जरा पुढे काढून चालणारे. शर्टाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात फुटाणे. बरोबर उत्तराला फुटाणा मिळे. चुकीच्या पण डोकं लावून दिलेल्या उत्तराला दोन मिळत, त्यामुळे आमच्यातले काही लबाड मुद्दाम डोकं लावून चुकत.

सरांचा जीव एका शब्दात अडकला होता. तो शब्द म्हणजे सून. रशियन सासरा सुनेला 'स्नखा' म्हणतो, सर्बियातला 'स्नाहा'. अशा दहाबारा भाषा, सगळ्या बहिणी-बहिणी. त्यांची आई मात्र कोणी पाहिलेली नाही आणि तिनं मागे एक ओळही लिहून ठेवली नाही. तेव्हा बहिणींच्या नाकाडोळ्यांवरून आईचा चेहरा काढायचा. सरांनी आणि त्यांच्या आधीच्या पंडितांनी काढलेला तो चेहरा होता 'स्नुखा', अर्थात चांदणी लावून. त्यातला उ इतका आखूड की सर म्हणत, तो उच्चारू नका, नुसता आठवा. मग शेजारी ते आपला संस्कृत 'स्नुषा' लिहीत आणि त्याखाली मराठी 'सून'. उ च्या पाठोपाठ येणारा स आपल्याकडे ष झाला, त्यांच्याकडे ख झाला. एकाच पायरीवर दोन्ही घरच्या माणसांचा पाय घसरला, हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की जणू दोन्ही घरी ते स्वतः जेवून आले आहेत.

त्याहून मागे, या सगळ्या भाषांच्या आजीकडे गेलं, की हा शब्द चक्क पुरुषी वेषात उभा. 'स्नुसोस'. शेवट आपल्या 'देवः'सारखा. बाईच्या नावाला पुरुषाचा शेवट कसा, यावर सर तासन्‌तास बोलत. ग्रीक आणि लॅटिन लोकांनी तिला तशीच ठेवली. आपण आणि स्लाव लोकांनी तिला आ लावून 'माला'च्या रांगेत बसवलं. दोन्ही घरांनी तिला पदर दिला, असं सर म्हणत. मग 'स्नुखा'च्या विभक्त्या सुरू व्हायच्या. चतुर्थीत त्या खरखरीत ख चा स होई, आणि सर खुशीत सांगत की बघा, सुनेला काही द्यायचं म्हटलं की ती कशी मऊ होते. शब्द निघाला कुठून यावरही पंडितांत दोन तट होते. एकांचं म्हणणं तो 'मुलगा' या शब्दावरून आला, म्हणजे सून ती मुलाची. सर दुसऱ्या तटातले. बांधणे या अर्थाचा एक जुना धातू आहे, ज्यावरून स्नायू आला, त्यावरून सूनही आली; म्हणजे सून ही मुलाची कोणी नसून दोन घरं बांधून ठेवणारी आहे. हे सिद्ध करणारा निबंध ते कित्येक वर्षं लिहीत होते. दोन्ही मतांना ते चांदणी मात्र इमानेइतबारे लावत, आपल्या मताला जरा मोठी.

या सगळ्याचा सर्वांत जास्त त्रास गुणवंत ढोकेला व्हायचा. तो कळमेश्वरहून रोज बसनं यायचा, परत जाणारी बस गाठायची असायची, आणि त्याला नोकरी खरोखरच पाहिजे होती. एकदा तो न राहवून उभा राहिला.

"सर, हे सून अन् सासू काहून शिकवून राहिले? तिथं पाना, बोल्ट, भट्टी विचारतीन."

सरांनी त्याला दोन फुटाणे दिले आणि पाना-बोल्ट पुस्तकाच्या शेवटी आहेत, घरी पाठ कर, असं सांगून पुन्हा सुनेकडे वळले.

चांदणीची सवय हळूहळू वर्गाबाहेर गेली. कोणी म्हणालं, प्राचार्य तुमच्यावर नाराज आहेत, की सर बोटानं हवेत चांदणी काढत आणि विचारत, कोणाच्या तोंडून ऐकलं? दूधवाला उद्या येणार नाही म्हणे, की चांदणी. आम्हालाही ती खोड लागली. माझी मावशी धरमपेठेतलं एक स्थळ घेऊन आली आणि मुलगा अगदी निर्व्यसनी आहे म्हणाली, तेव्हा मी तिच्या नाकासमोर हवेत चांदणी काढली. मावशीला वाटलं मी माशी हाकलते आहे. पुढे चौकशीत मुलाच्या तंबाखूचा विषय निघाला, आणि आमच्या घरात रशियन शिकण्याला थोडी प्रतिष्ठा आली.

वर्गात सरांची स्वतःची सूनही होती. नलिनी. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मुलगा श्रीकांत एका सरकारी कचेरीत होता, आणि घरी बसण्यापेक्षा शिक म्हणून सरांनीच तिला आणलं होतं. दोघं धरमपेठेतून सोबत येत. सुनेला सायकलच्या कॅरिअरवर बसवणं सासऱ्याला शोभणार नाही आणि सासऱ्याच्या बरोबरीनं चालणं सुनेला, म्हणून सर सायकल हातात धरून चालत आणि नलिनी सायकलच्या पलीकडून चाले. रस्त्याच्या अंगाला सर, आतल्या अंगाला ती आणि मध्ये सायकल. माडीचा जिना येईपर्यंत ती त्यांना मामाजी म्हणे. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की सर. तेही जिन्याखाली 'नलिनी, पदर सांभाळ, खिळा आहे' म्हणत आणि वर पोचल्यावर 'नलिनीबाई, षष्ठी सांगा'. हा बदल दोघंही इतक्या गंभीरपणे करत की आम्ही पहिले काही दिवस हसलो आणि मग आम्हालाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं. घरी ती सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नसे. वर्गात ती त्यांच्या चुका काढायची.

आम्हा सगळ्यांत तिचं रशियन सरस होतं, हे सांगायला मला आता काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं.

भिलाईहून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा गुणवंत गेला आणि नलिनी गेली. श्रीकांत तिला घेऊन गेला. समोर एक वयस्कर रशियन गृहस्थ होते. त्यांनी नलिनीला घरच्या माणसांबद्दल दोन शब्द बोलायला सांगितले. ती म्हणाली, घरी सासरे आहेत, त्यांची मी 'स्नखा'. सासूबाई आहेत, त्यांची मी 'न्येव्येस्तका'. सासऱ्यानं वेगळं म्हणायचं आणि सासूनं वेगळं, हा त्यांच्याकडचा जुना रिवाज, आणि तो तिला सरांनी घोटून घेतला होता. त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. आमच्या खेड्यात आजी असं बोलायची, म्हणाले, आता शहरातल्या पोरांनाही हा फरक कळत नाही. मग त्यांनी तिला चहा मागवला आणि पाना-बोल्टचं काही विचारलंच नाही. गुणवंतला विचारलं, आणि ते त्यानं घरी पाठ केलेलं होतं.

दोघांचीही निवड झाली. नलिनीला तिथल्या बायकांच्या वसतिगृहात खोली मिळणार होती. आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या. सर मात्र गप्प झाले. नंतरचे तीन-चार वर्ग त्यांनी असे घेतले की जणू कोणीतरी त्यांना मागून ढकलतं आहे. फुटाणे वाटायचं विसरले. सायकलच्या दोन बाजूंना दोघं येत आणि जात, पण बोलताना दिसत नसत. मी नलिनीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली की घरी कोणीच काही बोलत नाही, आत्याबाई भांडी आपटतात आणि हे लवकर ऑफिसला निघून जातात. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. रुजू व्हायचा दिवस जवळ येत होता.

मग एका संध्याकाळी सरांनी हजेरी घेतली, गुणवंतचं पुन्हा एकदा कौतुक केलं आणि फळ्याकडे तोंड करून म्हणाले की नलिनीबाई मात्र जाणार नाहीत, घरून संमती नाही. एवढं बोलून त्यांनी विभक्त्या लिहायला घेतल्या. मला इतका संताप आला की हातातली पेन्सिल मोडली. उभा जन्म सून या शब्दावर घालवणारा हा माणूस, आणि समोर हाडामांसाची सून बसली आहे तर तिच्याकडे पाठ करून तिचं भविष्य सांगतो. गुणवंतनं मान खाली घातली. आपली नोकरी त्याला त्या क्षणी नकोशी झाली असावी.

नलिनी उभी राहिली. घरी ती कधी अशी उभी राहिली नसती. पण आता ती जिना चढून आलेली होती.

"सर, 'घरून संमती नाही' याला चांदणी आहे का?"

खालच्या दुकानात कोणीतरी टराटरा कापड फाडत होतं. सर वळले. म्हणजे काय, असं काहीतरी पुटपुटले.

"कोणाच्या तोंडून ऐकलं?" तिनं विचारलं.

सरांच्या चेहऱ्यावर आम्हाला सगळं दिसत होतं. बायको भांडी आपटते, मुलगा तोंड चुकवतो, गावाकडच्या सात घरांत सून कधी एकटी परगावी राहिलेली नाही. अशा तीन ठिकाणच्या तीन खुणा घेऊन त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं. ते वाक्य घरात कोणी उच्चारलेलं नव्हतं. मागे जाऊन जुळवण्याची त्यांची सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

ते फळ्याकडे गेले. विभक्त्या पुसल्या, 'घरून संमती नाही' असं लिहिलं आणि त्याच्या आधी चांदणी काढली. वाकडी आली.

"आता माझं ऐका," नलिनी म्हणाली. "मला जायचं आहे. हे मी तुमच्यासमोर बोलते आहे आणि तुम्ही कानांनी ऐकता आहात. याला चांदणी लावता येणार नाही."

सरांनी वर्ग सुटला असं जाहीर केलं, पायऱ्या उतरून सायकल काढली आणि घराकडे चालू लागले. क्लिपा लावायच्या राहिल्या. नलिनीनं माझं मनगट धरलं आणि तू पण चल म्हणाली, म्हणून त्या दिवशी आतल्या अंगानं आम्ही दोघी चाललो.

काकू ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. काकू म्हणजे सरांची बायको. बुटक्या, गोल, बोलायला फटकळ, आणि नवऱ्याच्या चांदण्यांना त्या रिकामपणाचे उद्योग म्हणत. सरांनी सायकल भिंतीला टेकवलीही नाही. तशीच हातात धरून विचारलं, नलिनीच्या नोकरीबद्दल तुझं काय म्हणणं आहे?

काकूंनी मेथी खाली ठेवली. "आज विचारून राहिले?"

सर म्हणाले, तू चार दिवस बोलत नाहीस, भांडी आपटतेस, त्यावरून मला वाटलं.

"मंग आपटू नाही तर काय करू? घरातल्या पोरीचं एवढं चांगलं झालं, अन् कोणाले पेढा आणाचं सुचलं नाही. तुम्ही तोंड पाडून बसले. मले वाटलं, मास्तरलेच पटून नाही राहिलं. म्हटलं, दुनियेले शिकवते अन् घरात असं करते."

सायकल सरांच्या हातून सुटून पडता पडता वाचली. तेवढ्यात श्रीकांत आला. त्यालाही विचारलं. त्याला वाटत होतं आईबाबा दोघंही विरुद्ध आहेत, आणि मधल्यामधे नलिनीसमोर आपली पंचाईत नको म्हणून तो सकाळी लवकर पळत होता. तिकडे बदलीचा अर्ज मात्र त्यानं देऊनही ठेवला होता. एकाच घरातल्या तीन माणसांनी एकमेकांची मनं जुळवून ठेवली होती आणि तिन्ही चुकली होती. मला हसू आवरेना. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते आवरलं.

मग त्यांनी नलिनीला जवळ बोलावलं. "तिथं एकटीनं राहाचं आहे. तुले भेव नाही लागत काय वं?"

"लागते ना, आत्याबाई."

"मंग?"

"तरी जायचं आहे."

काकूंनी मेथीची एक जुडी उचलली, पानं खुडली, दांड्या बाजूला टाकल्या. "जाय मंग," त्या म्हणाल्या. "पण पोया कराले यायले शिकवून जाय. मी एकटी नाही करत आता."

यायले म्हणजे सरांना. सर तेवढ्यात सायकलवर टांग मारून बाहेर पडले होते. परत आले ते पेढे घेऊन, आणि पहिला पेढा कोणाला द्यावा हे न कळून मलाच दिला.

नलिनी गेली. शनिवारी सुटी मिळाली की घरी यायची. पुढे श्रीकांतची बदली झाली आणि तिथेच त्यांनी संसार थाटला. सर पोळ्या करायला शिकले, म्हणजे गोल सोडून सगळ्या आकारांच्या. वर्ग चालूच होता, पण सुनेवरचं व्याख्यान आता थोडं आखूड झालं होतं आणि पाना-बोल्ट पुस्तकाच्या शेवटी न राहता मध्ये आले होते.

एका थंडीत नलिनी एका इंजिनियरच्या आईला घेऊन नागपूरला आली. मुलाकडे आलेल्या त्या बाईंना हिंदुस्थानी घर बघायचं होतं. रुमाल बांधलेली, लालबुंद गालांची म्हातारी. ती थेट स्वयंपाकघरात शिरली, काकूंच्या शेजारी पाट घेऊन बसली आणि दोघी सासवांचं जे जमलं ते विचारू नका. ती म्हणे तिची सून उशिरा उठते. काकू म्हणत, माझी लवकर उठते पण चहात साखर कमी टाकते. मध्ये बसलेली नलिनी आपल्याच तक्रारी चेहरा न बदलता रशियनमध्ये करून देत होती. सर दारात कान देऊन उभे. म्हातारी आता नवऱ्याच्या तोंडचा तो 'स्नखा' बोलेल, मग बोलेल, म्हणून त्यांचे प्राण कंठाशी आलेले. ती बोलेचना, सुनेला ती नावानंच संबोधत होती. शेवटी सरांनीच विचारलं, तुमचे यजमान सुनेला काय म्हणतात? म्हातारी हसली आणि म्हणाली, 'स्नखा'. सरांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. काकूंना वाटलं पाहुणीला त्रास देताहेत, म्हणून त्यांनी सरांना बाहेर पिटाळलं. बाहेर येऊन ते मला म्हणाले, छापलेला हजार वेळा वाचला होता, त्या मुलखातल्या माणसाकडून आज ऐकला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

पुढे माझंही लग्न झालं, तंबाखू न खाणाऱ्या माणसाशी, आणि मी जबलपूरला गेले. सरांचा निबंध छापून आल्याचं कधी कानावर आलं नाही. पूर्ण झाला असेल असंही मला वाटत नाही.

शेवटचे भेटले ते नागपूरच्या स्टेशनवर, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या दिवाळीत. मी माहेरी आले होते, भावाला आणायला फलाटावर गेले होते. सर पार पिकले होते, मान आणखी पुढे आली होती. भिलाईची मंडळी सणाला येणार होती. नलिनी तोवर तिथल्या सगळ्या दुभाष्यांवरची अधिकारी झाली होती. सरांसोबत कॉलेजातले एक जुने सहकारी होते. नलिनीबद्दल ते मला कौतुकानं म्हणाले, भोयर भाग्यवान हो, सून मिळाली पण अगदी मुलीसारखी.

सरांनी खाडकन मान वळवली. "मुलीसारखी काहून? मुलीसारखी म्हटलं की तिचा मान वाढते काय? सून आहे. सून हा काही कमी शब्द नाही."

ते गृहस्थ ओशाळले. पण सरांचं तिकडे लक्ष नव्हतं, कारण गाडी फलाटाला लागत होती. दिवाळीची गर्दी, हमाल, ट्रंका, सामान चढवणारे आणि उतरणारे यांची एकच झोंबाझोंबी. सर आम्हा दोघांना विसरून डब्यांच्या बाजूनं लगबगीनं निघाले, प्रत्येक खिडकीत डोकावत. पुढच्या एका दारात नलिनी दिसली, हातात बॅग, आणि तिच्यासमोर दाराशी माणसांची भिंत. सरांनी दोन्ही हातांनी वाट करायला घेतली. वर्गात कधी आवाज न चढवलेला तो माणूस सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा ओरडत होता.

"सरका गा, सरका बाजूले. माही सून उतरून राहिली."